आधाराच्या दांड्यासाठी गोंद

माय,

उन्हाळ्याच्या सुरुवातीला कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एका बाईनं आपली भाकरी शेजारणीपुढं धरून मोडून मागितली, आणि मी हातातला घास तसाच ठेवून उठले. कुणाच्या लक्षात आलं नाही. शेजारणीनं भाकरी मोडली, कालवणात चुरून दिली, आणि दोघी आपल्या घरच्या गोष्टी बोलत राहिल्या. मी उगाच पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, तिथून गेटपर्यंत, गेटवरून परत. ज्वारीची भाकरी मोडायला काही जोर लागत नाही. पण बोटांच्या पेरांवरचं कातडं फाटलेलं असेल तर तिची कड सुरीसारखी लागते. मला हे माहीत आहे, कारण तुझ्या भाकरी मी मोडून दिल्यात.

तेव्हापासून मला चैन नाही. आज रविवार, गारखेड्याच्या घरी बसून लिहितेय, आणि दर दोन ओळींनी उठतेय. एकदा गॅस बंद आहे का बघितलं, एकदा गच्चीवरचे कपडे काढून आणले, ते ओलेच होते, पुन्हा वाळत घालून आले. तू जाऊन इतकी वर्षं झाली की माझं वय तुझ्या पुढं निघून गेलं. तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमा करून दुसऱ्याच्या कंपनीत ड्रॉइंग काढत होते, तुझा धाकटा कॉलेजात होता. आता वाळूजला आम्हा दोघा बहीणभावाचं स्वतःचं छोटं युनिट आहे. पत्र्याची शेड, दहाबारा माणसं. कपाटाच्या मुठी करतो, टॉवेल अडकवायचे रॉड करतो, आणि अलीकडं न्हाणीघराच्या भिंतीला लावायचे आधाराचे दांडे करायला लागलो. म्हातारं माणूस उठताबसताना ज्याला धरतं तो दांडा.

त्याची रचना साधी आहे. मधे स्टीलची नळी, दोन्ही टोकांना जस्ताच्या दोन ओतीव तबकड्या. तबकडी भिंतीला स्क्रूनं बसते, तिला पुढं आलेला एक गळा असतो, त्या गळ्यात नळीचं टोक जातं. नळी आणि गळा एकमेकांना गोंदानं धरतात. वेल्डिंग करता येत नाही, ज्योत लागली की जस्त आधी वितळतं. बाहेरून स्क्रू मारला तर तो दिसतो, ओलीनं गंजतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून टॉवेलच्या रॉडला आम्ही सुरुवातीपासून एपॉक्सी वापरत आलो, आणि दांड्यांनाही तेच लावायला घेतलं. तेच, माय, तुमचं दोन डब्यांचं. एका डब्यात राळ, एका डब्यात हार्डनर, आणि पुठ्ठ्यावर पट्टीनं कालवायचं.

चिकलठाण्याच्या तुझ्या कारखान्यात कुलपं आणि दरवाज्याच्या मुठी व्हायच्या. पितळेची मूठ लोखंडी बैठकीवर चिकटवायचं काम तुम्हा चारपाच बायकांकडे होतं. तुम्ही त्या डब्यांना ‘जोडपं’ म्हणायच्या. वेगवेगळं ठेवलं तर वर्षानुवर्षं गप्प, एकत्र आलं की तापतं, असं म्हणून तोंडाला पदर लावून हसायच्या. तू घरी येऊन मला ते सांगितलंस तेव्हा मी नववीत होते, लाजून पुस्तकात डोकं घातलं. तुझं माहेर लासूर स्टेशनच्या पलीकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. सासरी आलीस तर दुसऱ्याच्या शेतात खुरपणं. जन्मभर तू उकिडवी बसून कामं केलीस. चूल असो, खुरपं असो, धुणं असो, सगळं उकिडवं. त्या कारखान्यात तुला पहिल्यांदा खुर्ची मिळाली. लोखंडी होती, पाठ पण सरळच. पहिल्या दिवशी तू त्या खुर्चीच्या कडेला बसलीस म्हणे, पूर्ण टेकलीच नाहीस, कुणी उठवील म्हणून. हे तू स्वयंपाक करताना सांगतेयस, आणि सांगता सांगता भाकरी तव्यावर जास्त भाजली जातेय. तुला करपल्याचा वासही येत नाहीये, इतकी तू खुशीत आहेस.

माझ्या डब्याची कडी निघाली होती ते आठवतं का? तू डबा कारखान्यात नेलास आणि दुपारी उरलेल्या कालवलेल्या गोंदानं कडी चिकटवून आणलीस. इतकी पक्की की मी दोन्ही हातांनी ओढून पाहिली तरी हलली नाही. मी वर्गात सगळ्यांना दाखवली. मग एकदा तू घाईत चुलीवरचं वरण तसंच डब्यात ओतलंस, आणि शाळेत पोचेस्तोवर कडी सुटून पिशवीत पडलेली. मी रडकुंडीला येऊन घरी आले तर तू हसत सुटलीस. “गरम सोसत नाय त्याला,” म्हणालीस. “थंड करून नेत जा मंग.” कशाला काय चिकटतं एवढं विचारून भागत नाही, चिकटलेलं पुढं कशात दिवस काढणार आहे तेही विचारावं लागतं, हे मला त्या वरणानं शिकवलं. कॉलेजात हेच मला पुढं मोठ्या शब्दांत शिकवलं गेलं, पण मी उदाहरण कायम डब्याचंच द्यायची.

तुझे हात कधी बिघडायला लागले ते मला नेमकं सांगता येणार नाही. आधी बोटांच्या मधे पुरळ आलं. मग मनगटापर्यंत लाल झालं. तो गोंद पाण्यानं निघत नाही, म्हणून तुम्ही थिनरनं हात धुवायच्या, आणि थिनरनं कातडं आणखी कोरडं पडायचं, फाटायचं. कारखान्यानं सुती हातमोजे दिले होते, ते गोंद पिऊन घ्यायचे आणि दिवसभर हाताला चिकटून राहायचे, म्हणून तुम्ही ते घालायच्या नाहीत. रात्री तू खोबरेल लावून हात फडक्यात गुंडाळून झोपायचीस. कणीक मळायचं काम माझ्याकडं आलं. “पोरीच्या जातीला यायला पाह्यजे,” म्हणालीस, आणि मीही ते खरं मानलं. मग एका सकाळी तुझ्या पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते. तेव्हा मी तुला ओढून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, “मावशी, हे काम सोडा.” तू “व्हय” म्हणालीस, मलमाची ट्यूब घेतलीस, आणि बसमध्ये बसल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणालीस, “घरात बोलायचं नाय कुणाजवळ.”

“पण डॉक्टर म्हणाले...”

“माझ्या हाताचं मी पाहीन. तू तुझं पुस्तक पाह्य.”

मी पुस्तक पाहिलं नाही. दोन दिवसांनी कॉलेज सुटल्यावर चिकलठाण्याला गेले आणि तुझ्या साहेबांना भेटले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. “बरं झालं सांगितलंस बाळ,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला पॅकिंगला टाकलं. पॅकिंग म्हणजे जमिनीवर पोतं अंथरून बसायचं आणि मुठी कागदात गुंडाळून खोक्यात भरायच्या. संध्याकाळी तू आलीस, चपला काढल्यास, पाणी प्यायलीस.

“तू गेलतीस?”

“व्हय.”

“कामून?”

“तुझे हात बघ ना माय.”

“हात माझे हायेत,” म्हणालीस, आणि पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाहीस. जेवायला वाढायचीस, केस विंचरून द्यायचीस, पण शब्द नाही. पावसाळा गेला, तुझ्या हातावर नवं कातडं आलं. एके दिवशी मी घरी येते तर तू परात पुढ्यात घेऊन पीठ मळतेयस. तुझी बोटं पुन्हा तुझ्यासारखी दिसतायत. मला इतका आनंद झाला की मी दारातच उभी राहिले. तू मान वर न करता म्हणालीस, “थापता येती आता भाकर. पर भाकर थापाया मी कुठं जात होते तिथं?”

माय, मी चुकले असं मी आजही म्हणत नाही. पापण्या सुजलेली आई पाहून कोणती पोर गप्प बसली असती? पण ते वाक्य माझ्या मनातून हललेलं नाही, आणि त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भाकरी मोडून मागणारी बाई बघितली तेव्हा ते पुन्हा समोर आलं.

ती बाई दौलताबादहून येते. तिशीची असेल. नवरा किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू आणि सीताफळं विकतो, घरची थोडी जमीन आहे. आमच्याकडं गोंदाच्या टेबलावर तिच्याइतका स्वच्छ सांधा दुसऱ्या कुणाचा येत नाही. नळी गळ्यात घालून हलकेच फिरवते, गोंद चारी बाजूंनी सारखा बसतो, बाहेर थेंब येत नाही. हातमोजे आम्ही चांगले देतो, रबराचे. पण शेडमध्ये उन्हाळ्यात त्यांच्या आत घामाचं पाणी साचतं, आणि गळ्याच्या आत बोटानं गोंद सारखा करताना मोजा गोळा होतो, म्हणून ती उजव्या हाताचा काढून ठेवते. हे मला त्या दिवशी कळलं. मी तिला ऑफिसात बोलावलं, दार लोटलं.

“हात दाखव.”

तिनं ओढणीतून हात काढले. “काय नाय ताई. भांड्याच्या साबणाचं असंल.”

“हे साबणाचं नाही.”

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग एकदम म्हणाली, “मला पॅकिंगला नका टाकू. हे मला येतं. पॅकिंग कुणालाबी येतं.”

मी तिला तसंच गाडीत बसवलं. कातड्याच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. ते म्हणाले, एकदा शरीरानं या रसायनाशी वैर धरलं की ते विसरत नाही, पुढं थेंबभरही चालायचं नाही. परतताना क्रांती चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, “ताई, मंग काय ठरलं?” आणि मी म्हणाले, “थांब थोडी.” संध्याकाळी धाकट्याशी बोलले. विक्रीचं सगळं तो बघतो, दांड्यांची पहिली मोठी ऑर्डर त्यानंच आणली होती, वृद्धांच्या एका निवासासाठी. तो म्हणाला, “ताई, सोपं आहे. तिला पॅकिंगला घे, टेबलावर दुसरी बसव.”

“दुसरीचे हात?”

“दुसरीला होईलच असं कुठंय?”

“मायला झालं होतं.”

त्यानं हातातला फोन पालथा ठेवला. मग म्हणाला, “मला तर माय पॅकिंगला गेल्यानंतरचीच आठवते. लवकर घरी यायची. हाताला तो वास नसायचा. मला मांडीवर घ्यायची.” तो तेव्हा लहान होता, माय. तुझ्या आयुष्यातला जो काळ माझ्यापाशी गप्प बसला, तो त्याच्याकडं सगळ्यात सुखाचा म्हणून जमा आहे. मी नुसतं म्हणाले की तिला पॅकिंगला टाकायचं नाही, आणि एपॉक्सीही ठेवायचं नाही. “मग चिकटवायचं कशानं?” तो म्हणाला.

मग मी गोंद शोधत फिरले. शहागंजच्या मागच्या गल्लीत नटबोल्टांचं एक जुनं दुकान आहे, म्हातारे मियाँ चालवतात, गोंदाचे निरनिराळे प्रकारही ठेवतात. मी तबकडी आणि नळी काउंटरवर ठेवली.

“कौनसी चीज कायसे चिपकाना है?” त्यांनी विचारलं.

“स्टील को जस्ता.”

“पानी लगता?”

“गरम पानी.”

“वजन?”

“बूढ़े आदमी का.”

त्यांनी हातात घेतलेली बाटली परत फळीवर ठेवली. “बुड्ढे आदमी का वजन सबसे भारी रहता, मॅडम. एकदम आता.” मग त्यांनी मला एक सोडून तीन प्रकार दिले आणि म्हणाले, “घर जाके सबको सताओ. जो रोया नहीं वो लेना.”

मी सगळ्यांना सतावलं. पहिला तो थेंबाथेंबानं टाकायचा, झटक्यात चिकटणारा. चिकटला असा की ओढून सुटेना, आणि हातोडीनं हलकेच टोला दिल्यावर काचेसारखा तडकून मोकळा झाला. नुसत्या ओढण्याला जो गोंद टिकतो तो धक्क्याला टिकेलच असं नाही, आणि घसरलेलं माणूस दांडा हळूहळू ओढत नाही, तो झटका देतो. दुसरा होता नटबोल्ट ढिले पडू नयेत म्हणून लावतात तो. त्याची हवा बंद झाली की तो घट्ट होतो. त्याला दोन धातू एकमेकांत अगदी जुळून बसलेले लागतात. आमचे गळे ओतीव, कुठं सैल, कुठं घट्ट. निम्मे सांधे उत्तम निघाले, आणि उरलेल्यांत दुसऱ्या दिवशीही गोंद ओलाच. निम्मे दांडे चांगले, असं म्हणून मी ते कुणाच्या भिंतीला लावू? तिसरा पुन्हा दोन भागांचाच, पण एपॉक्सी नव्हे, ॲक्रिलिक. बंदुकीसारख्या यंत्रातून येतो, टोकाच्या पिळाच्या नळीत आपोआप कालवला जातो, पुठ्ठा नाही, पट्टी नाही, बोट लावायचं काम नाही. वास मात्र असा की शेडमधली सगळी माणसं बाहेर गेली. पण तो टिकला. भिंतीवर दांडा लावून त्याला वाळूचं पोतं टांगलं, हातोडीनं झटके दिले, काही झालं नाही. मी घरी आले आणि त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवले.

मग वैशाखाचं ऊन सुरू झालं. शेडच्या पत्र्याखाली हात लावू नये अशी नळी तापायची. आम्ही दांड्यावर उकळतं पाणी ओतत होतो, निवू देत होतो, पुन्हा ओतत होतो, पोतं तसंच टांगलेलं. एके दुपारी पोतं धाडकन खाली आलं. मी ऑफिसात होते. आवाज ऐकून धावत गेले तर सगळे नळीकडं बघत उभे. धाकटा म्हणाला, “झालं. एपॉक्सीच बरं होतं.” दौलताबादची ती बाई टेबलापाशी उभी होती, तिनं खाली मान घातली, आणि मला कळलं की ती मनातल्या मनात पॅकिंगला जाऊन बसली.

मी नळी उचलली आणि दारापाशी उजेडात नेली. गोंद नळीवर जसाच्या तसा होता. त्याच्यावर एक पातळ चकचकीत पापुद्रा होता, चांदीच्या वर्खासारखा. मला आधी समजेना. मग गळ्यात बोट घातलं तर आत खरखरीत, निस्तेज जस्त लागलं. गोंद सुटला नव्हता. आम्ही तबकडीला झळाळी यावी म्हणून बाहेरून मुलामा देतो, तो गळ्याच्या आतही चढतो, आणि गोंदानं तो मुलामाच जस्तावरून सोलून आपल्याबरोबर आणला होता. आम्ही गोंद बदलत बसलो होतो आणि खोट गोंदाखालच्या कातड्यात होती. एपॉक्सी लावलं असतं तरी हेच झालं असतं, फक्त उशिरा, आणि कुणाच्या तरी न्हाणीघरात. हे लक्षात आलं तेव्हा मी दारातच बसले. टॉवेलचे किती रॉड तसे गेले असतील? टॉवेल पडला तर पडला. पण दांडे गेले असते तर? धाकट्यानं पाण्याचा ग्लास आणून दिला आणि माझ्या शेजारी उकिडवा बसला. “सांग, काय करायचं,” म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं घाई केली नाही.

मग आम्ही मुलामा देण्याआधी गळ्याला बूच मारायला लागलो, म्हणजे आत जस्त तसंच उघडं राहतं. गोंद लावण्याआधी ते कागदानं घासून खरखरीत करायचं, स्पिरिटनं पुसायचं, आणि मग त्याला बोट लावायचं नाही. गळा लांब केला, कारण नळी सरळ ओढली गेली तर गोंद भरपूर सोसतो, पण आखूड गळ्यात तिरकी उचकटली गेली तर कडेपासून सुटत जातो. आणि इतकं करूनही मी खालच्या अंगानं, दिसणार नाही अशी, एक बारीक पिन आरपार घातली. धाकटा म्हणाला, “गोंदावर विश्वास नाही का?” मी म्हणाले, “गोंदावर आहे. पण कुणाची तरी आजी नुसत्या गोंदावर टांगायची नाही मला.” मग पुन्हा पोतं, पुन्हा उकळतं पाणी, पुन्हा ऊन. शेवटी धाकटाच पोरासारखा पाय उचलून दांड्याला लोंबकळला. सगळे हसले. दांडा हलला नाही.

पण तो गोंद मागवण्याआधी मी एक गोष्ट केली, माय, ती तुला सांगायची म्हणूनच एवढं लिहीत आले. मी तिच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसले आणि तिला म्हणाले, “हे बघ, दोन वाटा आहेत. हा गोंद घेतला तर वास सोसावा लागेल, आणि डॉक्टर म्हणाले हे रसायन वेगळं असलं तरी जपावं लागेल. अंगाला लागू द्यायचा नाही, मोजा काढायचा नाही, काही झालं तर त्याच दिवशी सांगायचं. नाहीतर टेबल सोडून तपासणीला ये, दांडे ओढून बघायचं काम, तेही कुणालाही येत नाही. तू सांग. मी ठरवणार नाही.”

तिनं बंदूक उचलली, एका रिकाम्या गळ्यात गोंद सोडला, नळी घातली, फिरवली. नाकाला ओढणी लावली.

“वास लई घाण हाय ताई.”

“हो.”

“पर बोट लागत नाय कुठं.” तिनं नळी उजेडात धरून पाहिली. “पंखा पाठीमागून नका लावू, सगळा वास तोंडावर येईल. समोरून बाहेर वढून घेणारा लावा. आन् मोजे जरा लहान मापाचे आणा, आमचे हात काय गड्यायचे हायेत का?”

“मग?”

“मंग काय. हितंच बसते.”

एवढंच. मला वाटलं होतं ती फार विचार करील. मी बाहेर आले आणि गाडीत बसून बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. तुझ्या साहेबांनी तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? वेगळा गोंद तेव्हा मिळत होता का, मला माहीत नाही. कदाचित त्यांना तरी कुठं माहीत होतं. कदाचित तू म्हणाली असतीस, पॅकिंगच बरं. पण खुर्चीवर बसून म्हणाली असतीस.

आता तिचे हात सुधारतायत. पूर्ण बरे नाहीत, मनगटावर अजून लाली आहे, आणि दर सोमवारी मी तिचे हात बघते तेव्हा ती वैतागते. “शाळेतल्यावानी नखं बघता का ताई,” म्हणते. वास ओढून घेणारा पंखा बसलाय, त्याचा आवाज एवढा होतो की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. उद्या ऑर्डर ट्रकमध्ये चढेल. धाकटा दिवसभर फोन करतोय, खोकी किती, कागद कुठला. मला मात्र वाटतंय की अजून थोडे दिवस चाचणीचे दांडे शेडच्या भिंतीलाच राहू द्यावेत, अजून थोडं पाणी ओतावं. गोंदाच्या डब्यावर लिहिलेलं असतं किती तासांत घट्ट होतो. किती वर्षं राहतो ते कुणी लिहीत नाही.

हे मी कुठं टाकणार नाही, माय. तुला पत्र वाचून दाखवायलाही मीच लागायची, मग आता कुणाच्या हाती देऊ? लिहून झालं की शाई वाळायला पंख्याखाली थोडं ठेवीन आणि कपाटात कपड्यांखाली सरकवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. माझे गुडघे आता उठताना कुरकुरतात, म्हणून मागच्या आठवड्यात धाकट्यानं त्यातलाच एक दांडा माझ्या न्हाणीघरात बसवून दिला. लांब गळ्याचा, पिनेचा, तिच्याच हातचा. मी त्याच्यावर रोज टॉवेल टाकते, रोज त्याला पुसते. अंघोळ करून उठताना मात्र माझा हात अजून बादलीच्या काठावरच जातो.